बायपासला पायातली शीर धमनीच्या जागी कशी टिकते? (धमन्या, शिरा आणि त्यांच्या भिंती)

ऋतुगंध

बाबांची बायपास झाली. आता बरे आहेत, घरातल्या घरात हिंडतात. शस्त्रक्रियेआधी सर्जननी कागदावर आकृती काढून समजावलं होतं: पायातून शीर काढायची, तिचं एक टोक महाधमनीला शिवायचं आणि दुसरं हृदयाच्या धमनीत अडथळ्याच्या पलीकडे. "आता हीच धमनीचं काम करणार," असं ते म्हणाले. तेव्हा मी मान डोलावली, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

शिरेची भिंत पातळ, तिच्यातला दाब अगदी कमी, एवढं शाळेत शिकलोय. धमनीत दर ठोक्याला दाब १२० पर्यंत चढतो. जन्मभर कमी दाबाला सरावलेली शीर एकदम महाधमनीला जोडली तर फुटत कशी नाही? आणि मुळात या दोघींत फरक कशाचा? भिंतीचा, की नुसता रक्ताच्या दिशेचा?

माझं मत असं झालंय की आपण रक्तवाहिन्यांकडे घरातल्या नळांसारखं बघतो. आतून काय वाहतं ते आपल्याला माहीत असतं, भिंतीबद्दल कुणी बोलत नाही. जाणकारांनी लिहावं. अनुभवही येऊ द्या.

टिंब

चांगला प्रश्न. जागा धरून बसतोय.

शरीरवेत्ता

शरीररचनाशास्त्र शिकवते, म्हणून भिंतीपासूनच सुरू करते.

केशवाहिन्या सोडल्या तर बहुतेक रक्तवाहिन्यांना तीन थर असतात. सगळ्यात आत अंतःस्तर. त्यात रक्ताला लागून चपट्या पेशींचा एकच पदर असतो, तो एंडोथेलियम. मधल्या थरात अनैच्छिक स्नायूंच्या पेशी आणि लवचीक तंतू वाहिनीभोवती वेढे घालून बसलेले असतात. बाहेरचा थर मुख्यतः कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा. तो वाहिनीला आजूबाजूच्या ऊतींशी बांधून ठेवतो. धमनी असो की शीर, थर हेच. फरक पडतो तो कुठला थर किती जाड यात.

विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच मी अशी स्लाइड देते, जिच्यात धमनी आणि तिच्या सोबतची शीर शेजारी शेजारी आडव्या कापलेल्या असतात. नावं न सांगता विचारते, कुठली कोण? धमनी गोल असते, तोंड उघडं. आतल्या कडेने एक चकचकीत रेघ नागमोडी गेलेली दिसते. ते लवचीक पटल. माणूस जिवंत असताना रक्ताच्या दाबाने ते ताणलेलं असतं. मृत्यूनंतर स्नायू आकसतो आणि त्याला चुण्या पडतात. शीर शेजारी चपटी पडलेली असते, कडा वेडीवाकडी, पोकळी मोठी. धमनीत सगळ्यात जाड थर मधला. मोठ्या शिरेत बहुधा बाहेरचा.

सगळ्या धमन्याही सारख्या नसतात. महाधमनी जवळजवळ अडीच सेंटीमीटर रुंद असते आणि तिच्या मधल्या थरात लवचीक पटलांची थप्पीच असते. हात-पाय आणि अवयवांकडे जाणाऱ्या धमन्यांत लवचीक तंतू कमी आणि स्नायू जास्त. पुढे सूक्ष्म धमनिकांत स्नायूंचे एक-दोनच वेढे उरतात, पण रक्तदाब किती राहील ते मुख्यतः तिथे ठरतं.

तुमच्या मूळ प्रश्नावर नंतर येते, कारण त्याचं उत्तर पायातल्या शिरेच्या स्वभावात आहे.

अस्थिर_अणू

ऋतुगंध, नळाच्या तुलनेला इतक्यात बाद करू नका. नळीचं गणित रक्तवाहिन्यांना अजूनही लागतं. किंबहुना ते गणित रक्तासाठीच जन्मलं. प्वाझई हा फ्रेंच डॉक्टर होता. १८२८ मध्ये त्याने धमनीतला दाब पाऱ्याच्या नळीने मोजला; आपण आजही रक्तदाब 'मिलिमीटर पारा' यात सांगतो. पुढे काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून त्याने दाखवलं की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो.

म्हणूनच शरीराला प्रवाह वळवायला मोठी उलथापालथ करावी लागत नाही. धमनिका किंचित आकसली की त्या भागात जाणारं रक्त बरंच कमी होतं. महाधमनीत सरासरी १०० च्या आसपास असलेला दाब धमनिका पार करेपर्यंत ३०-३५ वर येतो. सगळ्यात मोठी उतरण तिथेच.

शरीरवेत्ता

अणू, गणिताबद्दल वाद नाही. पण काचेची नळी आपली त्रिज्या स्वतः ठरवत नाही, आणि रक्तवाहिनी ठरवते. इथेच तुलना संपते.

१९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. ॲसिटिलकोलीन हे रसायन घातल्यावर काही पट्ट्या सैलावत आणि काही उलट आकसत. फरक शोधला तेव्हा कळलं की ज्या पट्ट्यांची आतली बाजू तयारी करताना घासली गेली होती, त्या सैलावत नव्हत्या. घासून गेला होता तो एंडोथेलियमचा पेशीभर जाडीचा पदर. म्हणजे स्नायूला 'सैल हो' असा निरोप तो पदर देत होता. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या वायूचा असतो, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

रक्त वेगाने घासून गेलं की त्या पेशींना ते जाणवतं, त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि वाहिनी रुंदावते. इतकंच नाही, तर सरळ प्रवाहात या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन बसतात. जिथे धमनीला फाटा फुटतो आणि प्रवाहात भोवरे पडतात तिथे त्या अशा रांगेत नसतात, आणि चरबीचे थर आधी तिथेच साचू लागतात.

किनारा

हे फाट्यांचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

रक्तचंदन

मी प्रयोगशाळेत रक्त घेण्याचं काम करते. आमचा संबंध शिरांच्या बाहेरच्या बाजूशी, पण तोही सांगण्यासारखा आहे.

कोपराच्या खोबणीत आडवी जाणारी शीर आमची आवडती. ती जाड असते, वर असते आणि खालच्या ऊतींनी तिला बऱ्यापैकी धरून ठेवलेलं असतं, म्हणून सुई टोचताना ती सरकत नाही. कोपराच्या आतल्या बाजूची, म्हणजे करंगळीकडची शीरही मोठी असते, पण तिच्या जवळूनच धमनी आणि नस (मज्जातंतू) जाते. तिकडे शक्यतो जायचं नाही असंच शिकवतात. मनगटाकडच्या शिरा दिसतात छान, पण सुई लागली की बाजूला पळतात. त्यांना खालून अंगठ्याने ताणून धरावं लागतं.

नवीन मुलं शीर डोळ्यांनी शोधतात. मी त्यांना सांगते, डोळे मिटा आणि बोट ठेवा. शीर दाबली की दबते आणि सोडली की परत वर येते. दोरीसारखं कडक लागलं तर तो स्नायूबंध, आणि बोटाखाली ठोका लागला तर ती धमनी, तिथून हात काढायचा. पट्टा एक मिनिटाच्या वर बांधून ठेवायचा नाही. आणि मूठ सारखी उघडमीट करायला सांगू नका. शीर फुगते खरी, पण रक्तातलं पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसू शकतं. हे पुष्कळ ठिकाणी अजून चालतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वाराभर

शिरा निळ्या दिसतात कारण आत ऑक्सिजन नसलेलं निळं रक्त असतं ना? सुईतून बाहेर येताना हवा लागते आणि ते लाल होतं.

रक्तचंदन

नाही हो वाराभर. आम्ही रक्त घेतो ती नळी हवाबंद असते, आतली हवा काढून टाकलेली. रक्ताला हवा लागतच नाही, आणि तरी पहिल्या थेंबापासून ते गडद लालच दिसतं.

अस्थिर_अणू

शिवाय शिरेतलं रक्त ऑक्सिजनविना नसतंच. आराम करत असताना परत येणाऱ्या रक्तात हिमोग्लोबिनचा सुमारे ७५ टक्के भाग अजून ऑक्सिजन धरून असतो.

निळेपणा प्रकाशाचा आणि आपल्या डोळ्यांचा खेळ आहे. लाल प्रकाश त्वचेत खोल जातो आणि तिथे शीर असली तर शोषला जातो. निळा प्रकाश वरच्या वरच विखरून परततो. त्यामुळे शिरेवरच्या त्वचेतून आजूबाजूपेक्षा लाल कमी येतं, आणि शेजारच्या रंगाशी तुलना करून मेंदू तिला निळी ठरवतो. धमन्या खोल असतात, म्हणून त्यांचा रंग दिसायचा प्रश्नच येत नाही.

खडूफळा

शाळेत विज्ञान शिकवतो. लाल आणि निळ्या आकृतीने घोळ होतो, हे रोज बघतो. मुलं धरून चालतात की धमनी म्हणजे शुद्ध रक्त आणि शीर म्हणजे अशुद्ध. मग फुप्फुस धमनी आली की अडकतात, कारण तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. मी आता व्याख्या एवढीच ठेवतो: हृदयाकडून निघते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर. रंग नंतर.

आणि एक प्रयोग करून घेतो, जो विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने १६२८ मध्ये छापून दाखवला होता. इथे वाचणाऱ्यांनी आत्ता करून बघा. हात खाली लोंबकळत सोडा म्हणजे मनगटाच्या वरच्या शिरा फुगतील. एक ठळक शीर निवडा. मनगटाच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथूनच कोपराच्या दिशेने शीर निपटत न्या, पुढची गाठ ओलांडेपर्यंत. आता वरचं बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो. रक्त वरून परत खाली येत नाही, कारण ती गाठ म्हणजे झडप आहे. मग खालचं बोट उचला. तुकडा खालून झर्रकन भरतो.

या झडपा हार्वेचे इटलीतल्या पादुआचे शिक्षक फाब्रिसियस यांनी आधीच दाखवल्या होत्या. त्यांना वाटलं होतं की रक्त खाली साचू नये म्हणून त्या त्याचा वेग धरतात. त्याच झडपा बघून हार्वेने विचारलं, की वाट एकाच दिशेने उघडी असेल तर रक्त जातं कुठे?

वाराभर

केलं. खरंच भरत नाही! बायकोच्या हातावरही करून बघितलं, तिच्या झडपा माझ्यापेक्षा छान दिसतात.

मेघवर्ण

हार्वेच्या आधी तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवलं होतं की उजव्या कप्प्यातलं रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येतं. मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रं असतात हे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनचं म्हणणं त्यांनी सरळ नाकारलं होतं. त्यांचं नावही यायला हवं.

खडूफळा

मेघवर्ण, अगदी मान्य. फुप्फुसाभोवतीचं चक्र त्यांचं, संपूर्ण शरीराचं चक्र हार्वेचं. आणि हार्वेच्या साखळीत एक कडी शेवटपर्यंत नव्हती. धमनीतलं रक्त शिरेत कसं जातं हे त्याला कधीच दिसलं नाही; सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारच नव्हतं. तो १६५७ मध्ये गेला. १६६१ मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. चार वर्षांनी हुकलं.

टिंब

चार वर्षं. हे वाचून खरंच चुटपुट लागली.

गणिती

केशवाहिन्यांचा विषय निघालाच आहे तर एक आकडा तपासू या. शरीरातल्या सगळ्या रक्तवाहिन्या जोडल्या तर १ लाख किलोमीटर होतात, पृथ्वीला अडीच वेढे, हे सगळीकडे वाचायला मिळतं. मूळ आकडा डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांचा, १९२० च्या दशकातला. त्यांना केशवाहिन्यांवरच्या कामासाठी १९२० चं नोबेल मिळालं होतं. माणूस मोठा, पण या हिशेबात गृहीतं काय होती ते बघा: स्नायू ५० किलो, आणि स्नायूच्या दर चौरस मिलिमीटर छेदात २,००० केशवाहिन्या.

दर चौरस मिलिमीटरला २,००० म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २ लाख. म्हणजे एक घन सेंटीमीटर स्नायूत २ लाख सेंटीमीटर, म्हणजे २ किलोमीटर केशवाहिनी. ५० किलो स्नायू म्हणजे ढोबळ ५०,००० घन सेंटीमीटर. गुणाकार १ लाख किलोमीटर. हिशेब बरोबर आहे.

पण ७० किलोच्या माणसात स्नायू ३० किलोच्या आतबाहेर असतात, आणि माणसाच्या स्नायूचे तुकडे तपासले तर घनता साधारण ३०० ते ४०० निघते. ते घालून बघा: ३०,००० गुणिले ०.३ ते ०.४, म्हणजे ९ ते १२ हजार किलोमीटर. बाकीचे अवयव धरूनही अलीकडचे अंदाज ९ ते १९ हजारांच्या दरम्यान आहेत. लाख नव्हे.

वाराभर

पण लाख किलोमीटर तर पाठ्यपुस्तकांत आहे, प्रदर्शनांत आहे. सगळेच चुकलेत का?

गणिती

सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललं आहे. वर गृहीतं दिली आहेत, तुम्हीही गुणाकार करून बघा. आणि दहा हजार किलोमीटर ही काही कमी लांबी नाही!

अस्थिर_अणू

गणिती, सुंदर. त्याला जोडून आणखी एक. महाधमनीचा आडवा छेद सुमारे अडीच चौरस सेंटीमीटर. सगळ्या केशवाहिन्यांचे छेद एकत्र केले तर सुमारे २,५०० चौरस सेंटीमीटर. हजारपट. तेवढंच रक्त हजारपट रुंद वाटेतून जायचं म्हणजे वेग हजारपट कमी होणार. महाधमनीत सेकंदाला ३३ सेंटीमीटर, केशवाहिनीत सेकंदाला जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. केशवाहिनी स्वतः जेमतेम मिलिमीटरभर लांब, त्यामुळे रक्त तिच्यात एक ते तीन सेकंद असतं. ऑक्सिजन देणं, कार्बन डायऑक्साइड घेणं, सगळं तेवढ्यात.

शरीरवेत्ता

आणि त्यासाठी भिंत काय करते बघा. केशवाहिनीत मधला थर नाही, बाहेरचा नाही. उरतो एंडोथेलियमचा एक पदर आणि त्याखाली पातळ पाया. पोकळी ५ ते १० मायक्रोमीटर. तांबडी पेशी ७-८ मायक्रोमीटरची, त्यामुळे अरुंद केशवाहिनीतून जाताना ती वाकते, मुडपते आणि एकेक करून सरकते.

इथेही अवयवागणिक रचना बदलते. मेंदूत या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातले बहुतेक पदार्थ आत जाऊच शकत नाहीत. मूत्रपिंडाच्या गाळणीत पेशींना बारीक छिद्रं असतात, म्हणून पाणी आणि क्षार भराभर बाहेर पडतात. यकृतात आणि अस्थिमज्जेत तर मोठ्या फटी. अस्थिमज्जेत तयार झालेल्या नव्या रक्तपेशी तिथूनच रक्तात शिरतात. पेशीभर जाडीच्या भिंतीत इतकी विविधता मला आजही थक्क करते.

टिंब

शरीरात रक्तवाहिनी अजिबातच नाही असा भाग आहे का?

शरीरवेत्ता

आहे की. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), भिंग, सांध्यांतली कूर्चा, त्वचेचा सगळ्यात वरचा थर. त्या पारदर्शक पडद्यात वाहिन्या असत्या तर आपल्याला त्यांच्या आडून बघावं लागलं असतं. तो ऑक्सिजन बराचसा थेट हवेतून, अश्रूंवाटे घेतो. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स दिवसरात्र घालून ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांत कडेने नव्या वाहिन्या आत वाढू लागतात. ऑक्सिजन कमी पडला की शरीर वाहिनी पाठवतं. तसं होऊ देऊ नका. कूर्चा झिजली की सहज भरून येत नाही, त्याचंही एक कारण तिच्यात रक्तवाहिन्या नसणं हेच.

किनारा

माझं काम दिवसभर उभ्याने. पोटरीवर शिरा गाठाळल्या आहेत, वेड्यावाकड्या, निळ्या. डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलं तेव्हा पडद्यावर दिसलं: पोटरी दाबली की रक्त वर, सोडली की परत खाली. झडपा मिटत नाहीत असं डॉक्टर म्हणाले. वरचा हाताचा प्रयोग वाचून आता नीट उमगलं. एकच कळत नाही, उभं राहून त्रास होतो तर चालून कमी कसा होतो? पायावर भार तर तेवढाच.

अस्थिर_अणू

किनारा, स्थिर उभं राहिलात की हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा सलग स्तंभ उभा असतो, त्याचं वजन घोट्याच्या शिरेवर. तिथला दाब ९० मिलिमीटरच्या घरात जातो. चालायला लागलात की पोटरीचा स्नायू दर पावलाला आवळतो, खोल शिरा पिळून रक्त वर ढकलतो आणि झडपा ते परत येऊ देत नाहीत. स्तंभाचे तुकडे पडतात. झडपा शाबूत असतील तर हाच दाब काही पावलांत २०-३० वर उतरतो. तुमच्या तितका उतरत नसेल, पण पोटरी आपलं काम करतेच. उभं राहायचंच असेल तर अधूनमधून टाचा वर-खाली करत राहा.

ऋतुगंध

थांबा थांबा. घोट्याच्या शिरेत ९०? मग शिरेत दाब कमी असतो हे मी इतकी वर्षं धरून चाललो ते आडवं पडलेल्या माणसाबद्दल होतं तर!

शरीरवेत्ता

ऋतुगंध, इथेच आणायचं होतं तुम्हाला.

बायपासला घेतात ती घोट्याच्या आतल्या बाजूने मांडीपर्यंत जाणारी लांब शीर. शरीरातली सगळ्यात लांब शीर तीच. माणूस उभा राहायला लागल्यापासून तिने हा दाब रोज सोसलेला असतो, म्हणून तिचा स्नायूंचा थर इतर पुष्कळ शिरांपेक्षा जाड असतो. मानेतली किंवा पोटातली शीर यासाठी घेत नाहीत, ते उगाच नाही. फुटायला जो दाब लागेल तो नेहमीच्या रक्तदाबाच्या कित्येक पट आहे. जोडताना ती उलटी करून जोडतात, म्हणजे घोट्याकडचं टोक महाधमनीला. तसं केलं नाही तर तिच्याच झडपा रक्त अडवतील.

त्यामुळे धोका फुटण्याचा नसतो, हळूहळू जाड होण्याचा असतो. धमनीच्या दाबाचा रोजचा ताण जाणवला की शिरेच्या भिंतीत बदल सुरू होतात. स्नायूपेशी आतल्या थरात शिरतात, वाढतात, कोलॅजेन जमतं. सुरुवातीला हे बळकटीसाठी उपयोगी, पण पुढे पोकळी अरुंद होऊ शकते आणि त्या जाड अंतःस्तरात चरबीही साचते. दहा वर्षांनी शिरेचे निम्म्याच्या आसपास ग्राफ्ट (म्हणजे जोडलेले तुकडे) उघडे असतात, छातीच्या आतल्या धमनीचे सुमारे ९० टक्के. ती धमनी लवचीक तंतूंनी भरलेली असते आणि तिच्यात चरबीचे थर क्वचितच होतात. म्हणून हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य शाखेला सर्जन बहुधा तीच जोडतात आणि बाकीच्या शाखांना शीर. बाबांच्या कागदपत्रांत बघा, दोन्हींचा उल्लेख असेल.

पारिजातक

मी डायलिसिसवर आहे, त्यामुळे हा बदल माझ्या हातावर बघितलाय. मनगटापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिली, त्याला फिस्टुला म्हणतात. धमनीचं रक्त सरळ शिरेत येतं. सुरुवातीला ती शीर बारीक, निळसर, बोटाखाली मुश्किलीने लागायची. काही आठवड्यांत फुगत गेली, भिंत टणक झाली. आता डायलिसिसची जाड सुईसुद्धा सहन करते.

बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते, ठोका नव्हे, थरथर. रोज सकाळी उठल्यावर आधी तिथे बोट ठेवायचं, असं सिस्टरनी शिकवलं आहे. थरथर लागली नाही तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. त्या हाताचा रक्तदाब घेऊ द्यायचा नाही, रक्त काढू द्यायचं नाही. रक्तचंदन, तुमच्याकडे नवीन मुलं येतात ना, त्यांना एवढं नक्की सांगा. आम्ही सांगेपर्यंत पुष्कळदा पट्टा बांधून झालेला असतो.

रक्तचंदन

पारिजातक, सांगते. पट्टा हातात घेण्याआधी "कुठल्या हाताचं घ्यायचं नाही असं काही सांगितलंय का?" हे विचारायचं, उद्यापासून सगळ्यांना.

मेघवर्ण

शिरांवरून आठवलं. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या कोपराच्या शिरेतून नळी आत सरकवली आणि तशाच अवस्थेत एक्स-रे खोलीपर्यंत चालत जाऊन ती हृदयात पोचल्याचा फोटो काढला. १९५६ मध्ये त्याला कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासोबत नोबेल मिळालं.

खडूफळा

आणि नळी अडली नाही याचं कारण पुन्हा झडपा. त्या हृदयाच्या दिशेने उघडतात. कोपराकडून आत जाणारी नळी रक्ताच्याच वाटेने जात होती.

किनारा

एक शंका. एवढी लांब शीर काढून घेतली तर पायातलं रक्त वर कसं जातं?

शरीरवेत्ता

पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांमधून वर जातं, स्नायूंच्या मधून. लांब शीर त्वचेखालच्या जाळ्यातली, आणि जोडशिरा तिचं रक्त खोल शिरांत पोचवतातच. म्हणून खोल शिरा चांगल्या आहेत याची खात्री असली की ती काढता येते. काही आठवडे पायाला सूज येते, पाय उंच ठेवला की उतरते.

ऋतुगंध

सूज उतरली आता. पण बाबा म्हणतात, घोट्याच्या आतल्या बाजूला हात फिरवला की बधिर लागतं. चालायला त्रास नाही. याचा शिरेशी संबंध असेल का?

शरीरवेत्ता

बहुधा असेल. गुडघ्याच्या खाली त्या शिरेला अगदी चिकटून एक बारीक नस (मज्जातंतू) जाते, फक्त स्पर्शाची. शीर सोडवताना ती ताणली किंवा कापली जाते, आणि पायाच्या आतल्या कडेला, घोट्यापर्यंत बधिरपणा येतो. स्नायूंना ती जात नाही, म्हणून चालण्यावर परिणाम होत नाही. पुष्कळांचा बधिरपणा काही महिन्यांत कमी होत जातो, काहींचा थोडा राहतो. पुढच्या तपासणीला सर्जनना दाखवा. तोवर त्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, चटका बसला तरी बाबांना कळणार नाही.